नबीलालची बुबी

१९६७ साल. मी चौतीस वर्षांचा होतो, आणि नबीलाल शेख मला पहिल्यांदा भेटला तो पाठमोरा. चिंचवडच्या एका कारखान्यात मी बॉयलरवर होतो. दारात बिडी काढून उभा, तर मशिनशॉपकडून एक माणूस उलटा चालत येतोय. अडखळणं नाही, मागं बघणं नाही. माझ्यापाशी थांबला आणि पाठीनंच म्हणाला, "माचिस आहे का, भाऊ?"

"हाय की. पण तोंड कुठं ठिवलंय तुमी?"

तेव्हा कुठं वळला. चाळिशीचा, किडकिडीत, खिशात दोन स्पॅनर. म्हणाला, "माणसानं दोन्हीकडून सारखं चालावं. आमची बुबी चालते."

ही बुबी कोण, यावर कॅन्टीनमध्ये आठ दिवस चर्चा. तीन वर्षांपूर्वी कंपनीनं नबीला सहा महिने जर्मनीला शिकायला धाडलं होतं. तो तिकडं असतानाच इकडं त्याची बायको वारली, एवढंच आम्हाला ठाऊक. पोरंबाळं नव्हती. मग ही बुबी? कॅन्टीनचा गणपा चहा देताना मुद्दाम विचारायचा, "काय नबीभाई, बुबीवहिनींचं पत्र?"

शेवटी नबीनं पाकिटातून फोटो काढला. सगळे टेबलावर ओणवे झाले. फोटोत रेल्वेचं इंजिन.

"ही बुबी," नबी म्हणाला. "दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली, पॅसेंजर ओढणारी. तिकडं बायकांनी केस कापायला सुरुवात केली तेव्हाच ही निघाली. अशीच आटोपशीर. म्हणून लोक बुबीकोफ म्हणायला लागले. म्हणजे बॉबकट."

गणपानं फोटो न्याहाळून परत दिला. "तब्येतीनं बरी हाय," म्हणाला.

तेव्हापासून नबीच्या तोंडी दुसरा विषय नाही. आपल्याकडच्या इंजिनाला मागं एक वेगळा डबा लागतो, कोळशाचा आणि पाण्याचा. त्याला टेंडर म्हणतात. बुबीला टेंडर नाही. पाणी तिच्या दोन्ही कुशीतल्या टाक्यांत, कोळसा पाठीशी. त्यामुळं ती पुढं जाते तेवढ्याच जोरात मागं येते, कुठं गोल फिरवून घ्यावी लागत नाही. नबीला माणसंही याच मापानं दिसायची. आमच्या सुपरवायझरच्या मागं एक कारकून फायली घेऊन फिरायचा. नबीनं सुपरवायझरचं नाव ठेवलं टेंडरवाला. स्वतःच्या सायकलीला त्यानं दोन्ही बाजूंनी पाण्याच्या बाटल्या बांधल्या होत्या, मागं जेवणाचा डबा. "मी कुणाच्या भरवशावर नाही," म्हणायचा.

माझं त्याच्याशी रोज वाजायचं. मी चौथीतून पळालेला माणूस, पण बॉयलरचं मला कुणी शिकवू नये. पाण्यात जरा घाण गेली की बॉयलर फेसाळतो, हे मी भल्याभल्या इंजिनिअरांना तोंडावर सांगितलंय. माझ्या पाण्याच्या टाकीला मी कुणाला बोट लावू देत नसे.

"इंजिन इंजिन काय करतोस?" मी म्हणायचो. "चाकावर बसवलेला बॉयलरच की त्यो."

"आणि तुझा बॉयलर म्हणजे जागेवर बसून खाणारं इंजिन," नबी म्हणायचा. "उठव की जरा त्याला."

मग त्यानं बुबी बनवायला घेतली. थेरगावच्या एका खोलीत, शिफ्ट सुटल्यावर, पितळेच्या आणि तांब्याच्या तुकड्यांतून. दोन हात लांब. पुढं चाकांची एक लहान जोडी, मधे तीन मोठ्या, मागं परत एक लहान. कुशीत खरोखरीच्या टाक्या, पाणी मावेल दोन पेले. खाली स्पिरिटचा दिवा. दोन वर्षं खपला.

"एकदा सगळ्यांसमोर जाऊन परत आली पाहिजे," तो म्हणायचा. "एकदाच. मग मी गप्प."

"गप्प बसणार असशील तर मी ढकलीन तिला," मी म्हणालो.

खंडेनवमीचा दिवस ठरला. त्या दिवशी कारखान्यात मशिनं धुऊन पुजतात, झेंडूच्या माळा घालतात, घरची मंडळी बघायला येतात. मशिनशॉपमध्ये नबीनं लोखंडी पट्ट्यांचे वीस फूट रूळ टाकले. नबी त्या दिवशी इस्त्रीच्या कपड्यात, उलटा नाही, सुलटा नाही, एका जागी उभा.

पूजा माझ्याकडं असायची. दरसाल मी बॉयलरपुढं नारळ फोडायचो आणि त्यातलं थोडं पाणी मुख्य टाकीत सोडायचो. मशिनलाही तीर्थ नको का? हजारो लिटरमध्ये चमचाभर, कुणाला काय त्याचं. त्या दिवशी बॉयलर झाला, लेथ झाली, मग बुबीपाशी आलो. नबी स्पिरिट आणायला गेला होता. कुशीतल्या टाकीचं झाकण उघडं. टाकी अर्धी रिकामी. मला वाटलं, बिचारीची पहिलीच पूजा, तिला कशाला चमचाभर? हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि अख्खा आत ओतला. झाकणही नीट लावलं.

नबीनं दिवा पेटवला, हातपंपानं टाकीतलं पाणी तिच्या बॉयलरमध्ये घेतलं. वाफ धरली. साहेब, बायका, पोरं, सगळे गोल करून. नबीनं कळ ओढली. बुबी वीतभर हलली, शिंकली, आणि चिमणीतून पांढरा फेस बाहेर आला. मग गोड, करपलेला वास. मग काहीच नाही.

पोरं टाळ्या पिटून हसली. त्यांना वाटलं हेच दाखवायचं होतं.

गणपा वास घेत म्हणाला, "नबीभाई, बुबीनं चिक्की केली का काय?"

मला वास येताक्षणी कळलं. पण मी, बॉयलरवाला बापू, पाण्याचं जगाला शिकवणारा, काय सांगणार होतो? मी माळा सरळ करत राहिलो.

संध्याकाळी थेरगावला त्याच्या खोलीवर गेलो. बुबी फडक्यात गुंडाळलेली. नबीनं मला चहा दिला.

"हातच चुकला माझा," म्हणाला. "परवा भट्टी पेटली की टाकतो वितळायला."

"एवढं काय त्यात?"

त्यानं बुबीवरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाला, "माझी झैतून गेल्याची तार मला तिकडं स्टेशनवर मिळाली, बापू. कामाला निघालो होतो. कुणाशी बोलणार? भाषा नाही. बुबीच्या ड्रायव्हरनं मला रडताना बघितलं. म्हातारा होता. दंड धरून वर घेतलं आणि हातात फावडं दिलं. संध्याकाळपर्यंत आम्ही सहा वेळा गेलो, सहा वेळा आलो. मला त्या दिवशी कुठंच पोचायचं नव्हतं रे. आणि ती नुसती जात होती, येत होती."

मी चहा संपवला. "बरं," म्हणालो आणि निघून आलो. माझ्या जिभेवर आलेलं मी सबंध वाटेत चघळत राहिलो. आयुष्यात चूक कबूल केलेली नव्हती. सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दसरा. घरात आंघोळीची गडबड. मी अंधार फिटायच्या आत सायकल काढली, थेरगावला गेलो आणि नबीचं दार वाजवलं. त्यानं उघडलं, डोळे सुजलेले.

"नबी," मी म्हणालो, "तुझा हात न्हाई चुकला. टाकीत नारळाचं पाणी मी वतलं. अख्खं."

तो तसाच वळून आत गेला. मला वाटलं, मारायला काहीतरी आणतोय. बाहेर आला तो स्पॅनर घेऊनच.

"चपला काढ," म्हणाला, आणि स्पॅनर माझ्या हातात दिला. "आत ये. खालचा बोल्ट खोल."

मी खाली बसलो आणि बुबी धुवायला घेतली.