तिसऱ्या अंकात वर चढणारं चिलखत

"मी डोळ्यांनी बघत नाही," मामा म्हणाले. "डोळ्यांनी सगळेच बघतात. मी मेंदूने बघतो. गुन्हेगार माझ्यासमोर आला की आधी त्याचा घाम बोलतो, मग तो बोलतो. मी हाती घेतलेलं आणि संपलं नाही असं प्रकरण आजवर झालेलं नाही."

शेवटचं वाक्य तर शंभर टक्के खरं होतं. मामांनी हाती घेतलेलं प्रत्येक प्रकरण संपत असे, कारण काही दिवसांतच तक्रारदार कंटाळून तक्रार मागे घेत असे.

भाची शेजारी वही उघडून बसली होती. भौतिकशास्त्राची पदवी झाली होती, पुढच्या प्रवेशाचा पत्ता नव्हता, आणि "घरात माश्या मारण्यापेक्षा मामाच्या हाताखाली काहीतरी शिक," असं आईने फर्मावलं होतं. मामा म्हणजे स्टेशनवरच्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर एकतीस वर्षं काढलेला माणूस. तिथे सामान लोकच आणून देत आणि लोकच घेऊन जात. मधल्या वेळात मामांनी जे केलं, त्याला ते 'तपासाचा अनुभव' म्हणत.

समोर नाटकाचा दिग्दर्शक बसला होता. त्याच्या मांडीवर चंदेरी रंगाचं प्लॅस्टिकचं चिलखत होतं.

"मामा, हे चिलखत तिसऱ्या अंकात वर चढतं," तो म्हणाला.

"स्वतःहून?"

"ते कळलं असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

हकिगत अशी होती. नाटकात सेनापतीचं काम सहा फुटी नट करायचा. मंडळी त्याला खांब म्हणत. खांब महिन्यापूर्वी रंगमंचाच्या पायऱ्यांवरून घसरला आणि मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये गेला. सेनापतीचे सगळे संवाद तोंडपाठ असलेली मंडळीत एकच व्यक्ती होती. पाऊणताई. उंची चार फूट दहा इंच. अकरा वर्षं तिने किरकोळ कामं केली होती, आणि पहिल्यांदाच तिच्या वाट्याला मोठं काम आलं होतं. चिलखत कापून लहान करायला पुतळेवाल्याकडे दिलं. हा इसम कापडदुकानांसाठी प्लॅस्टिकचे पुतळे बनवायचा, त्यामुळे प्लॅस्टिक आणि माणूस या दोन्ही विषयांत आपला हात कुणी धरू शकत नाही, असं त्याचं मत होतं.

"पहिले दोन अंक चिलखत अंगावर अगदी चपखल," दिग्दर्शक म्हणाला. "मध्यंतर होतं. तिसरा अंक सुरू होतो, सेनापतीचं मोठं भाषण येतं, आणि चिलखत थेट नाकापर्यंत! डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं ऐकू येतं. उद्या चारला रंगीत तालीम. उद्याही तेच झालं तर काम माझ्या साडूला देणार."

"त्यांना संवाद पाठ आहेत?" भाचीने विचारलं.

"दोन ओळी. पण चिलखत कापण्याआधी त्यांना नीट यायचं."

"मग आता कसं येईल?"

दिग्दर्शकाने एवढा पुढचा विचार केलेला नव्हता.

मामा लगेच तालमीच्या हॉलवर पोचले. पाऊणताई कोपऱ्यात संवाद पुटपुटत उभी होती. मामांना बघताच ती धावत आली.

"मामा, बरं झालं आलात. मी सांगते काय होतं ते. मी बसते ना, तेव्हा—"

"थांबा!" मामांनी हात वर केला. "साक्षीदाराने निष्कर्ष काढायचे नसतात. निष्कर्ष हा माझा प्रांत आहे."

"अहो, निष्कर्ष नाही, मी नुसतं—"

"भाचे, लिही. साक्षीदार उतावीळ आहे."

भाचीने लिहिलं. नंतर बराच काळ तिला त्या ओळीची लाज वाटत राहिली.

दुपारच्या तालमीत मामांनी पहिला सिद्धान्त मांडला. दिव्यांच्या उष्णतेने प्लॅस्टिक प्रसरण पावतं. भाचीने चिलखताची लांबी मोजली, मध्यंतराआधीचं आणि नंतरचं तापमान घेतलं, गणित केलं.

"मामा, वाढ अर्ध्या मिलिमीटरची आहे."

"अर्ध्या मिलिमीटरने साम्राज्यं कोसळली आहेत."

"कुठली?"

"कोसळली म्हणून तर तुला माहीत नाहीत."

दुसरा सिद्धान्त अदलाबदलीचा. मध्यंतरात कुणीतरी खरं चिलखत पळवून तसंच दुसरं ठेवतं. मामांनी आतल्या बाजूला पेन्सिलीने गुप्त खूण केली. तिसऱ्या अंकानंतर बघितलं तर खूण जागच्या जागी. यावर मामांचं तोंड उतरेल असं भाचीला वाटलं होतं. उलट ते हर्षभरित झाले.

"चोर किती तरबेज आहे बघ! खुणेचीसुद्धा नक्कल केली."

तिसरा सिद्धान्त असा, की चिलखत वर जात नसून पाऊणताईच खाली जाते, म्हणजे मध्यंतरात तिची उंची घटते. भाचीने नाइलाजाने तिला भिंतीला उभं करून दोनदा मोजलं आणि दुर्दैवाने फरक निघाला. दोन मिलिमीटर.

"दिवसभरात मणका थोडा दबतो, मामा. सगळ्यांचाच दबतो. तुमचाही."

"माझा कणा ताठ आहे," मामा म्हणाले, आणि ती ओळही वहीत लिहायला लावली.

पाऊणताईने आणखी एकदा प्रयत्न केला. "भाचीबाई, तुम्ही तरी ऐका. सिंहासनावर मी—"

"एक मिनिट हं, ताई. हात जरा वर करा. काखेचं माप राहिलंय," भाची म्हणाली.

संध्याकाळपर्यंत वहीत बेचाळीस मापं झाली. पुतळेवाल्यानेही आपल्या पुतळ्याची ग्वाही दिली. त्याने पाऊणताईच्या उंचीचा पुतळा खास तयार केला होता आणि चिलखत त्याच्यावर चढवून कापलं होतं. "जिवंत माणूस हलतो, श्वास घेतो, नखरे करतो," तो म्हणाला. "पुतळ्याची आजवर एक तक्रार नाही."

उरला चौथा सिद्धान्त. मत्सर. ज्याचं काम गेलं तो खांब.

"त्यांचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे, मामा."

"हीच तर त्याची चलाखी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं खांबाच्या घरी गेले. खांब पलंगावर टेकून बसला होता आणि त्याची बायको त्याच्या हातात मटारची टोपली देऊन स्वयंपाकघरात जायच्या बेतात होती.

"काल दुपारी मध्यंतरात कुठे होता?" मामा कडाडले.

"इथेच. हिने गवार निवडायला दिली होती."

"साक्षीदार?"

"गवार," वहिनी म्हणाली. "अर्धी दोरासकट निवडलीये. दाखवू?"

मामांनी मोर्चा प्लॅस्टरकडे वळवला. मांडीजवळ त्याची कड वेडीवाकडी कापलेली होती. मामांचे डोळे लकाकले. "इथे कापाकापी झालेली आहे. हत्यार कुठे आहे?"

"दवाखान्यात," वहिनी म्हणाली. "आधी प्लॅस्टर फार वरपर्यंत घातलं होतं. हे उभे राहिले की ठीक, बसले की कड पोटात घुसायची. मग डॉक्टरांनी बसवून बघितलं आणि तेवढीच कड कापली. का हो, तुमच्या चिलखताचं काय झालंय म्हणे?"

भाचीने थोडक्यात सांगितलं.

"सेनापती तिसऱ्या अंकात करतो काय?"

"जिंकून येतो," खांब म्हणाला. "पहिले दोन अंक त्याची शपथ असते, लढाई संपेस्तोवर बसणार नाही. मग सिंहासनावर बसतो आणि भाषण ठोकतो. मी आपला काठावर टेकायचो."

"मग तिला बसवून मापलं का?" वहिनीने विचारलं.

भाचीने वही उघडली. बेचाळीस मापं, सगळी दशांशापर्यंत अचूक, सगळी उभ्याने घेतलेली. आणि जिने चिलखत घातलं होतं, तिचं एकही वाक्य पूर्ण लिहिलेलं नव्हतं.

"संशयिताची पत्नी फारच माहितगार दिसते," मामा कुजबुजले. "कटात आहे."

"मामा, चला," भाची म्हणाली.

चिलखत आणि पाऊणताई दोन्ही शोधून आणेपर्यंत दुपारचे दोन वाजले; तालमीला दोनच तास उरले. भाची पाऊणताईला घेऊन पुतळेवाल्याच्या कारखान्यात शिरली. तो खास पुतळा दारातच उभा होता. तिने त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं आणि कपाळाला हात लावला. पुतळेवाल्याने त्याची उंची पिंडऱ्यांतून करवतीने कापून कमी केली होती. पाय आखूड झाले होते, धड उंच माणसाचंच राहिलं होतं. टेप लावली. खांद्यापासून कमरेपर्यंत पुतळा पाऊणताईपेक्षा सहा सेंटीमीटर लांब.

"उंची जुळते की नाही?" पुतळेवाला गुरगुरला.

"जुळते. ताई, तुम्ही स्टुलावर बसा. आणि काल सांगत होतात ते आता सांगा."

"बसले की खालची कड मांड्यांवर टेकते आणि सगळं वर ढकललं जातं," पाऊणताई एका दमात म्हणाली. "गेले वीस दिवस हेच सांगतेय."

"पोटावरून एवढं कापलं तर सेनापती उघडा पडेल," पुतळेवाला म्हणाला. "बाण लागेल."

"शत्रू पुठ्ठ्याचा आहे," भाची म्हणाली.

"आणि जास्त कापलं गेलं तर? प्लॅस्टिक काही परत उगवत नाही. दुसरं चिलखतही नाही."

त्यावर मात्र भाचीचा हात थबकला. पाऊणताईने तिच्या हातातून पेन्सिल काढून घेतली. बसल्या बसल्या ती पुढे वाकली, मागे रेलली, हात उंचावून दोन वाक्यं बोलली आणि प्रत्येक वेळी कड जिथे टोचली तिथे ठिपका दिला. मग ठिपके जोडले. मध्ये थोडी खाली आणि मांड्यांवर कमानीसारखी वर गेलेली रेघ तयार झाली.

"इथे कापा," ती म्हणाली.

पुतळेवाल्याने कापलं. कड पॉलिश पेपरने घासली, गरम हवेने मऊ करून किंचित बाहेर वळवली, काखांतूनही दोन बोटांएवढं कापलं आणि रंगाचा हात दिला. रंग ओला असतानाच तिघं हॉलकडे पळाली.

तिसरा अंक सुरू झाला. दिग्दर्शक शेवटच्या रांगेत बसला होता. शेजारी साडू ओठ हलवत दोन ओळी घोकत होता. सेनापती आला, सिंहासनापाशी थांबला आणि बसला. चिलखत जागचं हललं नाही. पाऊणताईने तोंड उघडलं.

वीस दिवस ती प्लॅस्टिकच्या आतून ओरडून बोलत होती. तोच आवाज आज मोकळा बाहेर पडला. पहिल्याच वाक्याला साडूच्या हातातून संवादाचे कागद निसटले. हरलेल्या राजाचं काम करणारा नट दचकून एक पाऊल मागे गेला, आणि नाटकात लिहिलेलं नसतानाही ते शोभून दिसलं. भाषण संपेपर्यंत कुणी खोकलंसुद्धा नाही.

"ऐकू आलं का?" तिने विचारलं.

"शेजारच्या गल्लीतही ऐकू गेलं असेल," दिग्दर्शक कान चोळत म्हणाला. "काम तुझंच. उद्या फक्त जरा हळू." मग तो साडूकडे वळला. "तुम्ही चहाचं बघता का?"

मामा रंगमंचावर चढले. त्यांनी सिंहासनाभोवती दोन फेऱ्या मारल्या, पाठीला टिचकी मारून बघितली आणि घसा साफ केला.

"मंडळी, माझा संशय पहिल्यापासून यावरच होता. चिलखत वर ढकलणारा गुन्हेगार म्हणजे हे सिंहासन. भाचे, वहीत नोंद कर. ताई, तुम्ही उठा, मला हा मुद्देमाल ताब्यात घ्यायचा आहे."

पाऊणताईने दोन्ही हात सिंहासनाच्या हातांवर टेकले.

"नंतर न्या हो, मामा. अकरा वर्षं भालदार, चोपदार आणि झाडं केली. बसायचं काम पहिल्यांदाच मिळालंय. जरा बसू दे."