कांबळेभावजींची आयरिश जिग

कांबळेभावजी इथल्या ओमानी मासळीवाल्यालाही 'सोर्स काय?' असं विचारतात. सुरमईचं शेपूट धरून उभं राहायचं आणि म्हणायचं, "अर्बाब, सोर्स?" (अर्बाब म्हणजे आपलं 'शेठ'.) तो बिचारा समुद्राकडे बोट दाखवतो. भावजींचं तेवढ्याने समाधान होत नाही. माझ्या पुरणपोळीलाही हा प्रश्न विचारून झालाय. "सासूबाईंची रीत," मी सांगितलं. "आणि त्यांच्या आधी?" मी डबा उचलून घरी आले.

भावजी इथे ओमानमध्ये, अझैब्यात, आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे नाशिकचे, तेलाच्या कामावर इंजिनिअर. मुलगी छकुली मेलबर्नला. बायको, म्हणजे आमच्या सुनंदाताई, गेल्या तेव्हापासून एकटेच आहेत, आणि तेव्हापासूनच एका आयरिश जिगच्या मागे हात धुऊन लागलेत.

जिग म्हणजे तिकडची नाचाची धून. शब्द नाहीत, आपल्या दादऱ्यासारख्या सहा मात्रा. एका धुनेला पाच नावं आणि एका नावाच्या तीन धुना, असा सगळा कारभार. कुणी जुन्या तबकडीवर वाजवलेली, कुणी ऐकून कागदावर उतरवलेली, आणि प्रत्येकीत दोन सूर इकडचे तिकडे. खाली मात्र न चुकता लिहिलेलं असतं, कुणाची, कुठल्या गावची, कुणी ऐकली. भावजी हे सगळं जमवतात, मला बोलावून दोन रेकॉर्डिंग लावतात आणि परीक्षा घेतात.

"वहिनी, फरक कळला?"

"दुसऱ्याला सर्दी झालीय."

"ते पाइप आहे हो, पिशवीतल्या हवेवर वाजणारं!"

दर शुक्रवारी सकाळी ते पत्र्याच्या छोट्या बासरीवर तीच धून वाजवतात. आमचे हे छताकडे बघून म्हणतात, "कांबळे खलास."

एका शुक्रवारी बासरी वाजली नाही. मी खिचडी घेऊन वर गेले. भावजी लॅपटॉपसमोर बसले होते, डोळे लाल. आयर्लंडच्या कुणा म्हाताऱ्या फिडलवाल्याचं, म्हणजे व्हायोलिनवाल्याचं, उत्तर आलं होतं. ते वळण त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

"कसलं वळण?" मी विचारलं.

तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं. सुनंदाताई मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका शाळेत लहान मुलांना शिकवायच्या. तिथल्या एका आयरिश बाईंनी मुलांना या जिगवर नाचवलं आणि ती ताईंच्या तोंडात बसली, ती कायमची. भाजी निवडताना, इस्त्री करताना त्या तीच गुणगुणायच्या.

"जिग सापडली, वहिनी. पण ती शेवटी एका जागी वळायची, ते वळण कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नाही. आणि आता मलाही नीट आठवेनासं झालंय. कामावर एक रीडिंग नोंदवायचं राहिलं नाही माझं कधी. हिचा आवाज रेकॉर्ड करायचं मात्र सुचलंच नाही."

"लावा बघू," मी म्हटलं.

त्यांनी धून लावली. मी सोबत गुणगुणायला लागले. शेवट आला आणि तोंडातून आपोआप ताईंचं वळण निघालं. इतकी वर्षं आम्ही दोघी एकमेकींच्या स्वयंपाकघरात वावरलो होतो, कानात राहिलेलं होतं.

भावजी ताडकन उठले. "हेच! हेच ते! सोर्स काय?"

"पाळणा," मी म्हटलं. "ताईंच्या आईचा. छकुलीला निजवताना म्हणायच्या, त्याची ही शेवटची ओळ. त्यालाही मात्रा सहाच, म्हणून जिग म्हणता म्हणता त्या पाळण्यात घसरायच्या. तुम्हाला नाही माहीत?"

भावजी हळूच खाली बसले.

"मी वाळवंटात साइटवर असायचो," ते म्हणाले. "सुट्टी मिळाली की गाडी हाणत यायचो. पण पोचेपर्यंत पोर निजलेली असायची."

मला फार वाईट वाटलं. आयर्लंडभर जे धुंडाळलं ते यांच्याच घरात रोज म्हटलं जात होतं. सांगितलं नसतं तर बरं, असंही क्षणभर वाटून गेलं.

"सगळा म्हणता?" त्यांनी विचारलं.

माझा आवाज काही गाण्याचा नाही. तरी आठवेल तसा पाळणा म्हटला. भावजी डोळे मिटून बसले होते आणि त्यांचा हात शेजारच्या उशीवर हलकेच थोपटत होता. खिचडी गार झाली.

मग त्यांनी ती जिग ताईंच्या वळणासकट उतरवून काढली आणि त्या फिडलवाल्याला पाठवली. पाठवण्याआधी मला दाखवली. खाली रीतसर लिहिलं होतं: सुनंदा कांबळे, अझैबा, ओमान. त्याखाली ऐकणाऱ्याचं नाव असतं. तिथे माझं नाव होतं.

"अहो, तुमचं घाला की," मी म्हटलं. "मला काय कळतंय त्यातलं?"

"सोर्स खरा लिहावा लागतो, वहिनी," भावजी म्हणाले. "ती गात होती तेव्हा घरात तुम्ही होतात."