पयले पोट, मंग भेट

पुण्यात कुठे काय खावं असं आमच्या वानखड्यांना विचारलंत, तर ते आधी तुम्हालाच विचारतात, "भेट झाली, का व्हायची हाये?"

परवा आयटीतल्या एका जोडप्याने गाडी थांबवली. "काका, इथे बेस्ट मिसळ कुठे मिळेल?" वानखड्यांनी इस्त्री उभी ठेवली, दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आपला प्रश्न टाकला.

"कोणाची भेट?" मुलगी म्हणाली.

"कोणाचीच नाही? मंग तुमचं बरं हाये बाप्पा. कुठंबी खा."

जोडपं गोंधळून निघून गेलं. तुम्हालाही कळलं नसेल, म्हणून सांगतो. येरवड्यात जेलकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा रिक्षा स्टँड आहे आणि त्याला लागून वानखड्यांची इस्त्रीची गाडी. आतल्या माणसाला भेटायला गावोगावहून लोक येतात. हातात कागदांची पिशवी, अंगावर एसटीत चुरगळलेले कपडे. भूक लागलेली असते, पण या रस्त्यावर कुणाला काही विचारायची त्यांना लाज वाटते. वानखडे त्यांना लांबूनच ओळखतात आणि ओरडतात, "ओ भाऊ, पयले पोट, मंग भेट!"

वानखड्यांचा नियम ठरलेला. भेटीआधी कोपऱ्यावरच्या खानावळीत वरणभात, पोळीभाजी. बसायचं ते घड्याळासमोर. कच्चा कांदा घ्यायचा नाही. भेटीनंतर मात्र समोरच्या हॉटेलात मिसळ, तीसुद्धा जादा तर्री मारून.

आता मी पुण्याचा. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण या शहरात मिसळ कधी खावी हे अकोल्याच्या माणसाने मला शिकवायचं? मी ऐकून घेणारा नाही. "अहो, मिसळ सकाळी खातात," मी म्हणालो.

"तुमच्या मिसळीत तिखट राह्यते कुठं? शिरा हाये तो शिरा! आमच्याकडं लेकरं पेतात असली तर्री."

आणि खरंच, हा गृहस्थ वाटीभर तर्री पाण्यासारखी पितो. कपाळावर घामाचा थेंब नाही.

"मग लोकांना तीच का खायला लावता?"

यावर वानखडे कुणाच्या तरी कॉलरवर पाणी शिंपडायला लागायचे. सहा वर्षं मी विचारतोय, सहा वर्षं कॉलर भिजतेय. तसंच महिन्यातून एक दिवस गाडी बंद असते. का, तर म्हणे कोळसा संपला. दर महिन्याला, एकच दिवस कोळसा संपतो! पण मीही सोडणारा नव्हतो.

मागच्या महिन्यात स्वारगेटहून एक म्हाताऱ्या बाई माझ्या रिक्षात बसल्या. सांगोल्याकडच्या. मुलगा आत, ही पहिलीच भेट. स्टँडवर उतरल्या तेव्हा अजून तासभर हातात होता. वानखडे हजरच.

"माय, जेवून घ्या."

"पोराचं त्वांड बघितल्याबिगर घास उतरायचा न्हाई मला."

"उतरवा लागते, माय."

"न्हाई म्हनलं की!"

मी मध्ये पडलो. "वानखडे, त्यांना नको आहे ना? तुमच्या घरचं कार्य आहे का आग्रह करायला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "माय, पोरगं पयले काय विचारते, सांगा बरं? 'आई, जेवलीस का?' काय सांगाल? खोटं? त्याले चेहऱ्यावरून कळते. मंग सारी भेट त्याच्यातच जाते. वेळ थोडा असते हो."

बाई खानावळीत गेल्या. घड्याळासमोर बसून दोन पोळ्या आणि भात खाल्ला.

भेट घेऊन परत आल्या त्या ओठ घट्ट मिटून. वानखड्यांनी नुसतं समोरच्या हॉटेलकडे बोट दाखवलं. मी चहाच्या निमित्ताने मागे गेलो. पहिल्या घासाला बाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. वेटरने पाणी ठेवलं. "तिखट लागली का मावशी?"

"लई तिखट हाय," बाई म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावून पोटभर रडून घेतलं. हॉटेल भरलेलं होतं, पण एकानेही मान वळवली नाही. मिसळ खाताना डोळ्यांतून पाणी आलं तर कोण कशाला बघतंय?

सहा वर्षांनी मला उत्तर मिळालं. पण वानखड्यांना ते मी सांगितलं नाही. ते हरभऱ्याच्या झाडावर चढले असते.

या सोमवारी गाडी बंद. कोळसा संपला असणार. मी चहाला समोर गेलो, तर कोपऱ्यातल्या टेबलावर वानखडे. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, पुढ्यात मिसळ, बाजूला कागदांची पिशवी. तर्री पाण्यासारखी पिणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

"धाकट्या भावानं विचारलं," ते म्हणाले, "'दादा, जेवला का?' मी हो म्हटलं. खरंच जेवून गेलतो." मग बाहीने डोळे पुसले. "तर्री तिखट झाली आज."

मी एक मिसळ मागवली. जादा तर्री टाकून घास घेतला. रोजच्यासारखीच होती.

"फारच तिखट आहे हो आज," मी म्हणालो आणि माझ्यापुढचं पाणीसुद्धा त्यांच्याकडे सरकवलं.