माझ्या गुडघ्यांसाठी कमोड

आमच्या घरातला जुना संडास फोडून तिथे कमोड बसवायचा, हे पाण्याच्या एका पेल्यावरून ठरलं. पेला बाबांचा. बायको रोज दुपारी तो भरून त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवायची आणि संध्याकाळी तसाच भरलेला उचलायची. काही दिवस ती गप्प राहिली. मग एकदा भाजी चिरता चिरता म्हणाली, "बाबा पाणी पीत नाहीत."

"तहान लागत नसेल," मी म्हणालो. (मोठमोठ्या प्रश्नांना अशी छोटी उत्तरं देण्यात माझा हातखंडा आहे. ऑफिसात याच गुणावर मी इतकी वर्षं एकाच खुर्चीत टिकून आहे.)

"तहान लागते. पण प्यायलं की जावं लागतं, म्हणून पीत नाहीत. त्यांना उकिडवं बसता येत नाही आता. बसले तर उठता येत नाही. परवा आत किती वेळ नळाला धरून धडपडत होते. तुम्ही बाहेर पेपर वाचत होता."

शेवटचं वाक्य तिने टाळलं असतं तरी चाललं असतं, पण ते खरं होतं. आई गेल्यापासून बाबा घरातल्या घरात कमी कमी होत चालले होते. आधी त्यांचा आवाज कमी झाला, मग फिरणं, मग जेवण, आणि आता पाणी. पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडं दगा देतील, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. म्हणजे आमच्या डोळ्यांदेखत, भरल्या पेल्याशेजारी बसून, एक माणूस निव्वळ संकोचापायी वाळत होता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

उपाय सोपा होता, कमोड. अडचण एकच होती, बाबा.

"कमोड कशाला?" ते म्हणाले. "ते आजारी माणसांचं काम."

"बाबा, तुमचे गुडघे..."

"माझे गुडघे तुझ्यापेक्षा चांगले आहेत," असं म्हणून ते पुराव्यादाखल खुर्चीतून उठायला लागले. एकदा उठता आलं नाही, दुसऱ्यांदाही आलं नाही. मग खुर्चीचा हात दाबून, ओठ आवळून एकदाचे उभे राहिले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी दुसरीकडे बघावं हे बरं.

तिथे मी माझा तो छोटासा निर्णय घेतला. "तेच तर म्हणतोय," मी म्हणालो. "तुमचे चांगलेच आहेत. माझे गेलेत."

बाबांचा चेहरा एकदम बदलला. कित्येक महिन्यांत त्यांनी कशातच एवढं लक्ष घातलं नव्हतं. "कधीपासून? कोणता?"

"डावा," मी म्हणालो. ते खाली वाकले आणि पँटवरूनच माझा गुडघा चाचपायला लागले. मी वेळेवर "आई गं" म्हणालो. कमोड मंजूर झाला.

स्वयंपाकघरात बायकोने डोक्याला हात लावला. "सरळ सांगता आलं नाही तुम्हाला?"

"सरळ सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं?"

"बरं. मग आता निदान लंगडा तरी नीट."

प्लंबर आला तो अत्यंत निराश माणूस निघाला. जुन्या भांड्याकडे बराच वेळ बघून त्याने विचारलं, "कोणी बसवलं हे?"

"बिल्डिंग बांधली तेव्हाचं आहे."

"म्हणजे ते लोक आता नसतील," असं म्हणून त्याने हातोडा उचलला. पुढे दिवसभर त्याचं बोलणं याच वळणाचं. भांडं फुटलं तेव्हा म्हणाला, "कितीही मजबूत असू दे, शेवटी हेच." खालचा पाइप उघडा पडला तेव्हा म्हणाला, "आतून सगळंच गंजत असतं, आपल्याला बाहेरून कळत नाही." घरभर पांढरी धूळ बसली होती. त्या धुळीत बाबा खुर्ची टाकून देखरेखीला बसले होते आणि त्याला सांगत होते, "मुलासाठी बसवतोय. या वयात गुडघे गेले हो त्याचे."

प्लंबरने माझ्याकडे दयेने पाहिलं. "एकदा गेले की परत येत नाहीत," तो म्हणाला. बाबांनी मान खाली घातली. मी लंगडत जाऊन त्याच्यासाठी चहा आणला.

संध्याकाळी कमोड बसला, वर फ्लशची टाकी लागली, कडेने पांढरं सिमेंट भरून झालं. "उद्यापर्यंत यावर कोणी बसायचं नाही," प्लंबर हत्यारं आवरताना म्हणाला. "ओल्या सिमेंटात हललं तर जन्मभर हलत राहील." तोवर वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांकडे आमची सोय झाली. त्यांच्याकडे अजून जुन्या पद्धतीचाच संडास होता. बाबा कठडा धरून जिना चढले, आणि परत आले तेव्हा त्यांचे पाय लटलटत होते. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, असं मी मनाला समजावलं.

दुसऱ्या दिवशी उद्घाटनाचा मान अर्थातच पेशंटचा. मी आत बसलो आणि बाबा दाराबाहेर उभे राहिले.

"कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय."

"गुडघ्यावर ताण येतो?"

"नाही येत."

"सावकाश. घाई करू नकोस."

(माणसाच्या आयुष्यात काही क्षण एकांताचे असावेत, असं मला त्या दिवशी फार वाटलं.) बाहेर येऊन मी हात पुसले आणि शक्य तितक्या सहजपणे म्हणालो, "आता तुम्हीही इथेच जात जा, बाबा. घरात आता हा एकच तर आहे."

"छे," बाबा म्हणाले. "मी आत असलो आणि तुला घाई झाली तर? दुखऱ्या पायावर तिष्ठत उभा राहशील. तुझ्यासाठी बसवलाय, तूच वापर. मी वर जात जाईन. मास्तरांना विचारून ठेवलंय, त्यांची काही हरकत नाही."

यालाच आगीतून फुफाट्यात म्हणतात. आधी बाबांना चार पावलं चालून उकिडवं बसावं लागायचं, आता अख्खा जिना चढून उकिडवं बसावं लागणार होतं. आणि जिना टाळायचा म्हणून त्यांनी होतं नव्हतं तेवढं पाणीही सोडलं. बायको पेला उचलायची, माझ्याकडे बघायची आणि मोरीत ओतायची.

मी बरा व्हायचं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी तरातरा चालत बाबांसमोर गेलो. "एवढ्यात?" ते म्हणाले. "हा फसवा उतार असतो. बस खाली." मी बसलो. मग एकदा जेवायला येताना घाईत मी पाय चुकलो.

"काल डावा दुखत होता ना?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मग आज उजवा का ओढतोयस?"

मला काही सुचलं नाही. बाबांनीच सुचवून घेतलं. "म्हणजे दुसराही गेला," ते पुटपुटले आणि ताटावरून उठले. त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. "अरे, काय चाललंय तुझं? बाबा फोनवर रडत होते," ती म्हणाली, आणि मग तीही रडायला लागली.

हे सगळं मी तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं. पण एक गोष्ट सांगायची राहिली. बाबा रोज माझ्या गुडघ्यांना तेल चोळायला लागले होते. मी पलंगावर बसायचो, ते खुर्चीत, आणि माझा पाय त्यांच्या मांडीवर. त्यांची बोटं आता फार हलकी झाली होती, तेलसुद्धा नीट जिरायचं नाही. पण वडिलांनी माझ्या अंगाला हात लावून कित्येक वर्षं झाली होती. मला ते आवडत होतं. पन्नाशी जवळ आलेल्या माणसाने हे कबूल करायची लाज वाटते, पण खरं बोलायचं मी उद्यावर ढकलत राहिलो ते त्यासाठीही.

एका रविवारी दुपारी बाबा वर गेले आणि बराच वेळ झाला तरी आले नाहीत. मी दार उघडून जिन्यात पाहिलं. जिना जिथे वळतो तिथल्या पायरीवर ते बसले होते, एक हात कठड्याला.

"तिथेच थांब," ते म्हणाले. "तू चढू नकोस."

आणि मी लंगडत चढलो. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. वडील जिन्यात अडकून पडलेत, घरात बायको सोडून कोणी नाही, दोन ढांगांत पोचता आलं असतं, आणि हा शहाणा कठडा धरून, "आई गं, आई गं" करत, एकेक पायरी चढतोय.

जवळ गेलो तेव्हा दिसलं. त्यांचा पायजमा ओला झाला होता. पायरीसुद्धा.

"वरपर्यंत पोचलो नाही रे," बाबा म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. "कोणी आलं तर सांग, पाणी सांडलं."

मी त्यांच्या शेजारी, त्या ओल्या पायरीवरच बसलो. "बाबा, माझे गुडघे ठणठणीत आहेत," मी म्हणालो. "दोन्ही. तुम्ही पाणी पीत नव्हता. सरळ सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं, म्हणून मी माझं नाव पुढे केलं. कमोड तुमच्यासाठीच आहे."

एक थोबाडीत बसेल अशी माझी अपेक्षा होती, आणि बसली असती तर मला बरंच वाटलं असतं.

"मग आत्ता लंगडत का आलास?" त्यांनी विचारलं.

"सवय झाली."

त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते की रडत होते मला कळलं नाही, आणि मी वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुझ्या आईचं दुखणंही पायांपासूनच सुरू झालं होतं. मला वाटलं, तूही माझ्या आधी जातोस."

म्हणजे मी लंगडायचो तेव्हा ते हे बघत होते. माझ्या पायाला तेल लावताना, ताईला फोन करताना, हा जिना चढताना त्यांच्या मनात हेच होतं. मी केलेल्या गाढवपणांची यादी बरीच मोठी आहे, पण इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

"चला," मी म्हणालो. "पाठीवर बसा."

"पडशील."

"पडत नाही."

ते पाठीवर बसले. ओझं म्हणावं असं काही नव्हतंच. सगळा जिना मी दिमाखात उतरलो, आणि शेवटच्या पायरीवर माझा उजवा पाय वाकडा पडून गुडघ्यात कट् असा आवाज आला. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण बाबांना सोडलं नाही. त्यांना घरात आणलं, बायकोने धुतलेले कपडे काढून दिले, आणि बाबा त्या कमोडवर पहिल्यांदा जाऊन बसले. दार लावून घेतलं. संध्याकाळी बायकोने रिकामा पेला उचलला, मला दाखवला आणि पदराने डोळे पुसले.

त्यानंतर बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. सकाळी दोन पेले पाणी पितात, पेपर घेऊन आत जातात आणि अग्रलेखासकट संपवून बाहेर येतात. जेवण थोडं वाढलंय. मधूनच बायकोला आमटीत मीठ कमी असल्याचंही सांगतात. मास्तर भेटले की मात्र अजून म्हणतात, "मुलासाठी बसवलाय. तो ऑफिसला गेला की मीही बसतो आपला कधीतरी."

माझा उजवा गुडघा मात्र नारळाएवढा सुजला. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि उकिडवं बसायला सक्त मनाई केली. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पुरे आता. बाबांना सगळं कळलंय." ऑफिसातही मी सवयीने लंगडतच जायचो, त्यामुळे तिथे माझं दुखणं आधीच जुनं झालं होतं. तेल लावायला कोणी बसत नाही.

आज सकाळी मी भिंतीला धरून, एका पायावर, संडासाच्या दाराबाहेर उभा होतो. आत पेपरची पानं उलटत होती. बराच वेळ कळ काढून मी शेवटी दार वाजवलं. "बाबा, जरा लवकर करा. पाय खरंच फार दुखतोय."

आत पान उलटायचं थांबलं.

"अरे, आता कशाला?" बाबा समजुतीच्या स्वरात म्हणाले. "मी बसतोय की आता."