शटरपाशीचे दोन खांब

खांब निवडायला काही अक्कल लागत नाही, असं मी भर मीटिंगमध्ये सांगून टाकलं होतं. आमच्या गोदामाची देखभाल बारा वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे असं बोलायची मला सवयच लागली आहे. पॅकिंगचं टेबल शटरच्या अगदी समोर. एखादा ट्रक रिव्हर्स घेता घेता आत शिरला तर काय, या विचाराने साहेबांची झोप उडाली होती. म्हणून खांब बसवायचे ठरले.

"सगळीकडे प्लास्टिकचे पिवळे," मी म्हणालो. "धक्का लागला की वाकतात, पुन्हा सरळ होतात."

खांब बसवायला आलेल्या वेल्डरताईंना ते पटेना. "दादा, आतल्या वाटेवर हातगाड्या फिरतात, तिथे प्लास्टिक चालेल. शटरपाशी लोखंडी पाइपच हवा, पोटात काँक्रीट ओतलेला."

"ताई, बारा वर्षं झाली मला इथे," मी म्हणालो. त्यांनी टेप काढून मापं घ्यायला सुरुवात केली. मला वाटलं, पटलं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला तेव्हा मी पंपाखाली आडवा पडून गळका नळ आवळत होतो. "शटरपाशीचे दोन भरून घेते हं."

फॉर्मबिर्म असणार. "घ्या की भरून," मी म्हणालो, "त्यात विचारायचं काय?"

सोमवारी सगळे खांब पिवळेधमक, एकसारखे उभे होते. ताई कोपऱ्यात हत्यारं आवरत होत्या. साहेब पाहायला आले, तसा मला चेव आला. "थांबा, माझीच गाडी टेकवून दाखवतो."

पॅकिंगच्या टेबलावर आठ बायका बसतात, त्यातली एक माझी बायको. चिकटपट्टी हातात धरून तिने विचारलं, "आम्ही उठू का?"

"बसा निवांत. नुसती टेकवणार आहे."

मी शटरपाशीच्या एका खांबाला गाडी टेकवली. खांब वाकला नाही. थोडी रेटली, तरी ढिम्म. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी इरेला पेटलो, गाडी चार हात मागे घेतली, आणि पुढे येताना ब्रेकऐवजी भलतंच दाबलं.

मोठा आवाज झाला. बॉनेट घडी घातलेल्या चादरीसारखं दुमडलं होतं. खांबाचं पिवळं कव्हर फाटलं होतं आणि आतून काळा, जाडजूड लोखंडी पाइप जागचा न हलता माझ्याकडे पाहत होता. त्याच्यामागे दोन हातांवर माझी बायको, चिकटपट्टी तशीच हातात.

मी खाली उतरलो. ताई धावत आल्या. "अहो, भरून घेते म्हणाले होते ना, काँक्रीटने. कव्हर नुसतं रंगासाठी."

माझ्या मनासारखे खांब लागले असते तर मी त्या टेबलावरून गेलो असतो. मी हात जोडले. बायकोने मात्र ताईंना घट्ट मिठी मारली आणि माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "लागलं नाही ना तुम्हाला?" या एका प्रश्नाने मी पार विरघळलो.

साहेबांनी वहीत लिहिलं, 'चाचणी यशस्वी.'

संध्याकाळी ताईंनीच आम्हा दोघांना त्यांच्या टेम्पोतून घरी सोडलं. वळणावर त्यांनी जरा वेग घेतला. 'हळू चालवा' असं अगदी ओठांवर आलं होतं. पण बायकोने नुसतं पाहिलं, आणि मी खिडकीबाहेर बघू लागलो.