हिरामणचं दार

गवताला पत्र्याची शेड, शेडला दार, दाराला भलंमोठं कुलूप. आणि ते गवत कापणाऱ्या माणसांना मात्र गवताचीच खोप, तीही बिनदाराची! या अन्यायाची हिरामणला भयंकर चीड होती. (त्याच्या बायकोनं, सुंदरानं, लक्षात आणून दिल्यापासून.)

दिवाळी सरली की पोशीर गावची माणसं बिऱ्हाड उचलून पळसदरीच्या माळावर गवतकापणीला जात. लढाईमुळे मुंबईत पलटणीच्या घोड्यांसाठी गवताला भाव चढलेला. मुकादम कोंडाजी कामावर घेई ती जोडीच: नवऱ्यानं कापायचं, बायकोनं पेंढ्या बांधायच्या. एकट्या गड्याला तो माळावर उभंही करत नसे.

आणि यंदा सुंदरा म्हणाली, "मी नाय येत."

"का गं?"

"गेल्या साली माजी बोंबलांची टोपली कुत्र्यानं नेली. खोपीला दार करा, मंग येते."

दुसऱ्या एखाद्यानं कुडाची ताटी बांधून दिली असती. पण चिडलेल्या माणसाला ताटी पुरत नाही. "त्या गवताला सागवानी दार, मंग माज्या बायकूला का नाय?" म्हणत हिरामणनं राहत्या घराचं दारच चौकटीसकट उपसलं आणि डोक्यावर घेऊन निघाला. (घर उघडं पडलं, पण त्यात नेण्याजोगं दाराशिवाय होतं काय?)

"हिरामण, बाकीचं घर कुटं सांडलं रं?" वाटेत लोक विचारत होते.

माळावर खोप उभी राहिली. खोप कसली, दाराला मागून चिकटवलेलं गवत! संध्याकाळी शेजारची येसूबाई कोंबड्या घेऊन हजर. "भावजी, दाराची खोप हाय तुमची. एवढ्या आत ठेवा." मग कोणाची भांडी आली, कोणाचं तांदळाचं गाठोडं. खुद्द कोंडाजीनं आपली छत्री आणून ठेवली. खोप गच्च भरली आणि हिरामण-सुंदरा बाहेर कुडकुडत निजली.

"दार माजं, नि थंडी बी माजीच?" सकाळी हिरामण खवळला. त्यानं सगळ्यांचं सामान बाहेर काढलं, बोंबील तेवढे आत ठेवले, कुलूप ठोकलं, किल्ली करगोट्याला बांधली आणि छाती काढून कापणीला गेला.

त्या दिवशी गवत न्यायला बैलगाड्या आल्या. गाडीवानांनी बैल सोडले ते नेमके हिरामणच्या खोपीमागे. बैलांना दाराशी काही कर्तव्य नव्हतं.

संध्याकाळी हिरामण परतला, तर बंद दाराआडून बोंबील भाजल्याचा खमंग वास!

"आत कोण हाय रं?" तो गरजला.

"मी हाय," सुंदराचा आवाज आला. "पुढं आले सैपाकाला. मागनं या, मागची भिंत बैलांनी खाल्ली."

"आमी बी मागनंच आलो, भावजी!" आतून येसूबाई.

"माज्या घरात मी चोरावानी मागनं शिरू? डोक्यावर आणलंय हे दार!"

"अवो, त्याला हात लावू नका! छप्पर आता दारावरच टेकलंय."

पण अपमान झालेल्या माणसाला छप्पर दिसत नाही. हिरामणनं रुबाबात कुलूप काढलं आणि दार ढकललं.

खोप बसली. (चूल नशिबानं आधीच विझवलेली.) दोन्ही बायका गवतात गडप झाल्या. चौकट तेवढी ताठ उभी, आणि तिच्यात किल्ली घेतलेला हिरामण.

ढिगातून सुंदराचं डोकं वर आलं. केसांत काड्या, हातात बोंबलांची टोपली.

"या आता आत," ती म्हणाली. "नि दार लावून घ्या, नाय तर कुत्रं येईल."