सोनटक्क्यांचा पिवळा टॅग

आमच्या शेजारच्या सोनटक्क्यांच्या घरात टॅग नाही अशी वस्तू नाही. चाकणच्या एका कंपनीत ते क्वालिटी इन्स्पेक्टर. माल पास झाला की हिरवा टॅग, नापास झाला की लाल, आणि दोष आहे पण चालवून घेऊ, कुणीतरी सही करून जबाबदारी घेतोय, तर पिवळा. शिफ्ट संपली की माणूस कंपनीतून सुटतो, पण टॅग काही सुटत नाहीत. त्यांच्या फ्रिजला हिरवा, गिझरला पिवळा, आणि सासऱ्यांनी लग्नात दिलेल्या घड्याळाला पहिल्या दिवसापासून लाल. मागच्या दिवाळीत फराळाला गेलो तर चकलीला लाल टॅग होता. घरी येऊन बघतो तो माझ्याच शर्टाच्या बटणाला पिवळा लटकतोय, खाली सही, बळीराम सोनटक्के.

मूळ गाव उदगीर. आवाज असा की ते जिन्यात कुजबुजले तरी चिंचवड स्टेशनावर उभी असलेली माणसं वळून बघतात. क्वालिटीत येण्याआधी त्यांनी बावीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली. तिथे पत्रा दाबणारी यंत्रं दिवसभर धाडधाड आपटत असतात आणि बोलायचं तर ओरडावंच लागतं. ती सवय राहिली असावी, असं मी धरून चाललो होतो.

तर हे गृहस्थ पन्नाशीत मोबाइलवर बघून बघून गिटार शिकले. एकच चाल शिकले. लग्नात बँडवाल्यांनी वाजवलेली आणि वहिनींना फार आवडलेली. लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती, त्या दिवशी ती चाल रेकॉर्ड करून वहिनींना द्यायची, एकदम गुपचूप. "गुपचूप" हा शब्द ते माझ्या कानात बोलले तेव्हा खाली गेटवरचा वॉचमन उठून उभा राहिला.

बजेट एका बोनसचं. त्यातच गिटारचा अ‍ॅम्प, माइक, आणि माइक कॉम्प्युटरला जोडायची ती डबी. माझं काम ऐकायचं. "भाऊ, तुमचा कान माझा मापाचा गेज," असं म्हणून त्यांनी मला दर रविवारी स्कूटरवर मागे घातलं. पिंपरीतल्या दुकानात त्यांनी खिशातून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, काढून अ‍ॅम्पची बटणं मोजली. "खेळ हाय बटणाला, हलतंय." मग गिटार जोडायची आणि माझ्याकडे बघायचं. "सूं येतंय का?" मी म्हणायचो, जरासं येतंय. "रिजेक्ट." पहिल्या रविवारी दुकानदाराने चहा पाजला, दुसऱ्या रविवारी पाणी. पाचव्या रविवारी आमची स्कूटर लांबून दिसताच त्याने शटर ओढलं.

माण गावात आयटीतल्या एका मुलाची गिटारची हौस फिटली होती. त्याचा अ‍ॅम्प नवाकोरा होता, पण सोनटक्क्यांनी तो उलटा करून एक सैल स्क्रू शोधलाच. देहूला एका भजनी मंडळाचा जुना अ‍ॅम्प विकायचा होता. त्यात इतक्या वर्षांचे टाळ मुरले होते की बटण बंद केलं तरी अर्धा अभंग ऐकू यायचा. सोनटक्के तासभर व्हर्नियर लावत बसले, तेव्हा मंडळाचे म्हातारबा वैतागले. "पाव्हणं, तुमी डबा घेताय का जावई बघताय? घ्यायचा तर घ्या, न्हाई तर ऱ्हाऊ द्या."

शेवटी पंधरा दिवस उरले तेव्हा दहा वॅटचा, भाकरीच्या डब्याएवढा अ‍ॅम्प हिरवा झाला. माइकचा घोळ वेगळाच. तोवर शटर उघडायला राजी झालेल्या दुकानदाराने समजावलं, की घरात रेकॉर्डिंग करायचं तर समोरचं तेवढंच ऐकणारा माइक घ्या, दुसरा फार ऐकतो, शेजारच्यांची भांडणंसुद्धा टिपतो. सोनटक्क्यांनी फार ऐकणारा उचलला. म्हणाले, "कमी ऐकणारा एक हाय की घरात." मी हसलो. दुकानदारही हसला.

बेडरूमचा स्टुडिओ झाला. भिंतींना गोधड्या, खिडकीला गादी, दाराला दुसरी गादी, आत आम्ही दोघं वाफेवर शिजणारे मोदक. गिटार रोजचीच, म्हणून वहिनींना संशय नव्हता. आणि माइक खरंच फार ऐकत होता. पहिल्या टेकमध्ये घंटागाडीचं गाणं आलं, दुसऱ्यात वरच्या मजल्याचा मिक्सर, सातव्यात कबुतराचा संसार. रोज संध्याकाळी मी हेडफोन लावून दोष सांगायचो, ते वहीत लाल टॅग डकवायचे. एकतीस टेक, एकतीस लाल.

लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. बत्तिसावा टेक. दोन ठिकाणी अडखळले, बाकी सोन्यासारखं वाजवलं. मी ऐकलं आणि हेडफोन कानाशी दाबले. गिटारच्या मागे कुणीतरी गुणगुणत होतं. सोनटक्के अडखळले तिथे तो आवाज थांबला, त्यांना चाल सापडली तसा पुन्हा सोबत निघाला.

"रिजेक्ट," मी म्हणालो. "वहिनींचं गुणगुणणं आलंय."

"कुणाचं?"

त्यांनी हेडफोन ओढून घेतले, आवाज पार शेवटापर्यंत चढवला आणि डोळे मिटून बसले. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. मग माइक तसाच चालू ठेवून एक कान मोकळा केला.

"ही कवा गाती?"

"रोज. भाकऱ्या थापताना. आमच्या भिंतीतून ऐकू येतं, अकरा वर्षं झाली."

मग सोनटक्के बोलले ते इतकं हळू, की मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे झुकावं लागलं. "बारीक आवाज प्रेस शॉपनं खाल्ले माझे. कंपनीचा डॉक्टर दर वर्षी लिहितो कागदावर. लग्नाआधी गायची ती. मला वाटलं, माझ्याकडं आल्यावर सोडलं तिनं."

मी लाल टॅग पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला, पिवळा काढला, गुडघ्यावर ठेवून सही केली. दोषाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला: गिटार.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून, दोन गाद्यांच्या पलीकडून, वहिनींचा बारीक आवाज आला. "अहो, थांबलात का? वाजवा की."

वहिनी काय म्हणाल्या ते सांगायला मी तोंड उघडलं. पण त्यांनी हेडफोन नीट बसवले होते, माइक चालू होता, आणि गिटार आधीच मांडीवर आली होती.